"आज शाळेत काय केलं?" "काही नाही!"

दुपारचे पावणेबारा. आमच्या बालवाडीच्या फाटकाबाहेर गर्दी जमायला लागते. स्कूटी कडेला लावून उभ्या असलेल्या आया, छत्री काठीसारखी टेकत आलेले आजोबा, बँकेतलं काम उरकून थेट इकडेच आलेल्या आजी आणि सहा मुलांना एकदम न्यायला आलेले रिक्षावाले काका. बारा वाजता दार उघडतं. चपलांचा गोंधळ होतो, कुणाची तरी पाण्याची बाटली आतच राहते. आणि मग फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो, "आज शाळेत काय केलं?"

उत्तरंही ठरलेली. "काही नाही." "खेळलो." "डबा खाल्ला." फारच झालं तर, "मी पडलो."

खरं तर त्या सकाळी या मंडळींनी काय काय केलेलं असतं! अंगणात सापडलेल्या गोगलगायीभोवती पाऊण तास बसून ती कुठून कुठे जाते ते पाहिलेलं असतं. तिला 'पाय नाहीत तर ती चालते कशी' यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असतं. मटार सोलून दाणे मोजलेले असतात. एका मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा कात्रीनं सरळ रेषेवर कागद कापलेला असतो. पण घरी जाताना या सगळ्याचं होतं, 'काही नाही.'

यात मूल खोटं बोलत नसतं आणि लपवतही नसतं. 'काय केलं' हा प्रश्नच चार वर्षांच्या जिवाला फार मोठा आहे. तीन तासांत घडलेलं सगळं आठवायचं, त्यातलं सांगण्यासारखं निवडायचं, पुढचं-मागचं लावायचं आणि जो माणूस तिथे नव्हता त्याला समजेल अशा शब्दांत मांडायचं. आपल्याला तरी जमतं का हो हे? संध्याकाळी नवऱ्यानं "आज ऑफिसात काय झालं?" असं विचारलं, की आपणही "काही विशेष नाही" म्हणून मोकळ्या होतोच की!

मुलाकडून काही कळलं नाही, की आई दप्तर उघडते. दप्तरात वही. वही कोरी. आणि वही कोरी म्हणजे दिवस कोरा, असा आपल्याकडे हिशोब असतो.

या कोऱ्या वहीनं मला एकदा चांगलाच धडा शिकवला. तो आज सांगायचाय.

अडीच पानं आणि एक ओळ

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. छोट्या गटातली एक मुलगी. जूनमध्ये आली तेव्हा दाराशीच बसून राहायची. पाण्याची बाटली छातीशी धरलेली, डोळे रस्त्याकडे. आमच्या मावशी तिला रोज शेजारी बसवून घ्यायच्या. डिसेंबरात एक दिवस तिचे बाबा आले. अगदी सौम्य माणूस. म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत आकडे येतात, ए टु झेड येतं. आमची घरी येऊन नुसतं 'मणी ओवले' म्हणते. आम्हीही किती दिवस थांबायचं? तिला दुसरीकडे घालतोय. फीचं काही बाकी असेल तर सांगा."

मी शिकवण्याची पद्धत वगैरे समजावून सांगायचा प्रयत्न केला. 'खेळातून शिक्षण', 'सर्वांगीण विकास' असे शब्द माझ्या तोंडून भराभरा बाहेर पडले. ते मान डोलवत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही.

संध्याकाळी मी माझी टाचणवही काढली. तिच्याबद्दल अडीच पानं लिहिलेली होती! जुलै : दाराशी बसणं सोडून खिडकीपाशी आली. ऑगस्ट : मण्यांच्या पेटीपाशी बसते, दुसऱ्या मुलाला रंगाप्रमाणे मणी काढून देते, बोलत नाही. सप्टेंबर : दोन लाल, एक पिवळा, दोन लाल, एक पिवळा अशी माळ न सांगता केली. चुकली तिथे स्वतःच उसवली. नोव्हेंबर : मांजरीची चार वाक्यांची गोष्ट सगळ्यांसमोर उभं राहून सांगितली.

सहा महिन्यांत दाराशी बसलेली मुलगी गोष्ट सांगायला उभी राहिली होती. हे मला माहीत होतं, मावशींना माहीत होतं. तिच्या आईबाबांना माहीत नव्हतं. अडीच पानं माझ्या कपाटात होती आणि घरी एक ओळसुद्धा गेली नव्हती. मग त्यांनी तरी कशावर विश्वास ठेवायचा? कोऱ्या वहीवर?

त्या रात्री मला बाबांचा राग आला नाही. स्वतःचा आला.

भिंत नव्हती तेव्हा

पुढे मी जरा जुनी पुस्तकं चाळली. आपल्याकडे बालशिक्षणाची सुरुवात ज्यांनी केली, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला होता, हे पाहायचं होतं.

मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं 'बालकांचं घर' सुरू केलं. ते होतं कुठे, तर मुलं राहायची त्याच चाळवजा इमारतीत. बाईंनीही तिथेच राहायचं, असा दंडक. भिंतीवर नियम लावलेले. त्यातला एक नियम असा, की आयांनी आठवड्यातून निदान एकदा बाईंशी बोलायचं. मूल घरी कसं वागतं ते सांगायचं आणि बाईंकडून चार गोष्टी ऐकायच्या. शंभराहून जास्त वर्षं झाली या नियमाला. आपल्या पालकसभा मात्र सहा महिन्यांतून एकदा, आणि त्यातही अर्धा वेळ गणवेश आणि स्नेहसंमेलन!

आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. हे दोघंही मुलांना शिकवून थांबले नाहीत. 'शिक्षणपत्रिका' चालवून त्यांनी पालकांशी बोलणं चालू ठेवलं. गिजुभाईंची गुजरातीत, ताराबाईंची मराठीत. मुलांपर्यंत पोचायचं तर घरापर्यंत पोचावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग बोर्डी. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ तिथे गेल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. तीच 'अंगणवाडी'. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

मला या गोष्टीत एक वेगळीच गंमत दिसली. अंगणात वर्ग भरला, म्हणजे मुलाची आई तिथेच भाकऱ्या थापत असणार, आजी ओट्यावर तांदूळ निवडत असणार. मूल काय करतंय ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. 'कळवायची' गरजच नव्हती. आपण शहरात भिंत बांधली, फाटक लावलं, 'पालकांना आत प्रवेश नाही' अशी पाटी लावली आणि मग पालकांना काही समजत नाही, अशी तक्रार करायला लागलो.

तीन ओळींचा फळा

जानेवारीत आम्ही फाटकाशेजारी एक फळा टांगला. त्यावर रोज फक्त तीन ओळी लिहायच्या. आज काय केलं, त्यातून काय येतं, आणि घरी मुलाला काय विचारायचं.

पहिल्या दिवशी मी लिहिलं : 'आज संवेदनात्मक अनुभव दिले.' मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ताई, म्हणजे काय दिलं पोरांना?" मी गप्प पुसलं आणि लिहिलं : 'आज मुलांनी डोळे मिटून वास ओळखले. लिंबू, कांदा, ओवा, साबण. नाकानं फरक ओळखता येणं आणि त्याला शब्द शोधणं हे दोन्ही त्यात आलं. घरी विचारा : कुठल्या वासाला नाक मुरडलं?'

त्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर पहिल्यांदाच वेगळा आवाज आला. "ओव्याला! ओव्याला! आणि त्यानं कांद्याला साबण म्हटलं!" आजोबा आणि नातू हसत हसत कोपऱ्यापर्यंत गेले. मूल तेच होतं, सकाळही रोजच्यासारखीच होती. फक्त प्रश्न त्याच्या मापाचा झाला होता.

मग आम्हाला नादच लागला. रोजच्या साध्या कामांतून नक्की काय साधतं, ते साध्या मराठीत लिहायचं. हे लिहिताना माझंच डोकं स्वच्छ होत गेलं, हे कबूल करते.

मणी ओवणं : बोटांच्या चिमटीत ताकद येते, डोळा आणि हात एकत्र चालतात. पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. दोन लाल-एक पिवळा अशी माळ केली, तर त्यात क्रम ओळखणं आलं, म्हणजे गणित आलं.

कणकेचा किंवा मातीचा गोळा मळणं : खांदा, मनगट, तळवा, बोटं अशी वरून खाली ताकद येत जाते. ती यायच्या आधी वही पुढ्यात टाकली, तर मूल पेन्सिल मुठीत दाबून धरतं, हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा येतो.

मटार सोलून वाटून घेणं : प्रत्येकाला एक, परत प्रत्येकाला एक. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणं वेगळं आणि 'पाच दाणे दे' म्हटल्यावर मोजून पाचच देणं वेगळं. पहिलं पाठांतर, दुसरं गणित.

बडबडगीत आणि टाळ्या : शब्दाचे तुकडे कानाला कळतात. 'क-म-ळ' यात तीन टाळ्या आहेत, हे ज्याला ऐकू येतं त्याला पुढे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणं सोपं जातं.

भातुकली : 'तू आई हो, मी डॉक्टर होतो' यात थांबणं, ऐकणं, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणं आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं हे सगळं आहे.

एक प्रयोग तर आम्ही पालकसभेत सगळ्यांना घरी करायला सांगतो. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखं पाणी घ्या. 'दोन्हीत सारखंच आहे ना?' असं मुलाला विचारा. मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता आणि विचारा, 'आता कशात जास्त आहे?' चार-पाच वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. साधारण सहा-सात वर्षांचं झालं, की तेच मूल 'सारखंच की, तुम्ही नुसतं ओतलं' असं म्हणायला लागतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा हा प्रसिद्ध प्रयोग. ज्या आईनं हा एकदा घरी केला, ती परत 'बेरजा कधी सुरू करणार?' असं विचारत नाही. मुलाची समज वाढते कशी ते तिनं स्वतःच्या ओट्यापाशी पाहिलेलं असतं.

वाचता न येणाऱ्या आईचं काय?

फळा लागला म्हणून मी खुशीत होते. महिन्याभरानं लक्षात आलं, की एक आई फळ्यासमोर कधीच थांबत नाही. मान खाली घालून मुलाला घेते आणि निघते. मला वाटलं, हिला रस नाही. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तिला वाचता येत नाही. लाज वाटते तिला तिथं उभं राहायची."

दुसऱ्या दिवसापासून दार उघडायच्या आधी मावशी फाटकाशी उभं राहून फळा मोठ्यानं वाचू लागल्या. सगळ्यांसाठीच! कुणाला वेगळं पाडायचं नाही. बिहारहून आलेल्या एका कुटुंबासाठी त्याच मावशी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत. काही दिवसांनी ती आईच मला म्हणाली, "ताई, घरी मी रोज मेथी निवडते, डाळ निवडते. ती बी शाळाच की मग!" मी म्हटलं, "अहो, तीच तर शाळा. तुम्ही आमच्याकडे येऊन मुलांना शिकवाल का?" आली. मुलांना घेऊन तासभर मेथीची जुडी निवडली. पानं इकडे, काड्या तिकडे. मुलाची छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! 'माझी आई आज ताई आहे' असं तो सगळ्यांना सांगत होता.

तेव्हापासून दर शनिवारी एका घरच्या माणसाला वर्गात बोलवायचं ठरलं. लहान खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसायचं आणि एक तास नुसतं पाहायचं. मध्ये बोलायचं नाही, आपल्या मुलाला 'नीट कर' म्हणायचं नाही. हा नियम पाळणं भल्याभल्यांना जड जातं. कुणी सायकल दुरुस्त करून दाखवतं, कुणी रांगोळी काढतं, एका आजोबांनी धोतर नेसून दाखवलं आणि मुलं टाळ्या वाजवून थकली. पण खरा उपयोग त्या नुसतं पाहण्याचाच. 'इथे नुसता गोंधळ असतो' म्हणत आलेले एक बाबा जाताना म्हणाले, "ताई, माझा मुलगा दुसऱ्याला पेन्सिल देतो, हे मला माहीतच नव्हतं."

मोबाइल आला, आणि

आता फळ्याच्या जोडीला व्हॉट्सॲपचा गट आहे. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तोच एक धागा उरला होता. त्या काळात आम्ही घरातल्या वस्तू वापरून करायच्या कृती आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचो, कारण आवाज ऐकायला वाचता यावं लागत नाही. त्या दिवसांनी एक गोष्ट सिद्ध केली. घरच्यांना काय आणि का करायचं ते नीट सांगितलं, तर ते करतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झालं, त्यातही वस्तीतल्या आयांचे छोटे छोटे गट करून घरी करायच्या कृती त्यांच्या हाती दिल्या गेल्या.

पण मोबाइलचे चटकेही बसले. सुरुवातीला आम्ही रोज वीस-पंचवीस फोटो टाकायचो. लगेच निरोप : "माझ्या मुलाचा का नाही?" "तो कोपऱ्यात एकटा का बसलाय?" "तिचे केस असे का?" कुणी दोन मुलांच्या चित्रांची तुलना केली आणि दोन घरांत बोलणं बंद झालं. सगळ्यात वाईट म्हणजे, एका मुलानं किडा दाखवायला मला हाक मारली आणि मी म्हटलं, "थांब हं, आधी फोटो काढू दे." तोवर किडा उडून गेला. मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

मग नियम केले. वर्ग चालू असताना मोबाइल कपाटात. फोटो आठवड्यातून एकदाच आणि तेही मुलांच्या हातांचे, कामाचे. चेहरे नाहीत, कारण ते फोटो पुढे कुठवर जातील ते कुणाच्या हातात नसतं. रोज संध्याकाळी फळ्यावरच्याच तीन ओळी आणि मावशींच्या आवाजात तेच. एखाद्या मुलाबद्दल काही बोलायचं तर गटात कधीही नाही.

हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. मूल हाकेला वळत नाही, अडखळतं, सारखं मारतं, अशा गोष्टी फाटकावर चार बायकांसमोर सांगायच्या नसतात. वेळ ठरवून, बसून, आधी ऐकून मग सांगायच्या. एका मुलाला मागून हाक मारली तर कळायचं नाही. आम्ही तीन आठवडे नोंदी ठेवल्या. कधी कळतं, कधी नाही, कुठल्या बाजूनं. मग आईला बोलावून त्या वाचून दाखवल्या आणि कान तपासून घ्यायला सुचवलं. ती रडली, चिडली, पण गेली. 'तुमचा मुलगा लक्षच देत नाही' एवढंच मी फाटकावर म्हटलं असतं, तर घरी त्याला दोन धपाटे बसले असते आणि कान तसेच राहिले असते.

घरानंही सांगायला हवं

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालायला हवा, हेही मैत्रिणींनो, सांगायलाच हवं. एकदा एक हसरा मुलगा अचानक चिडका झाला. कुणी जवळ आलं की ढकलायचा. आम्ही आमच्या परीनं उपाय करत राहिलो. पंधरा दिवसांनी सहज बोलताना कळलं, की रोज रात्री त्याला गोष्ट सांगणारे आजोबा गेले होते. "लहान आहे, त्याला काय कळतंय म्हणून सांगितलं नाही," असं आई म्हणाली. मला सांगितलं असतं, तर पंधरा दिवस आधी मी त्याला मांडीवर घेतलं असतं. घरात नवं बाळ येणं, बाबांची बदली, भाडेकरूचं घर सोडणं, रात्रीची झोप न होणं, या गोष्टी 'घरच्या' नसतात. मूल त्या दप्तरात घालून शाळेत आणतं.

सरकारी कागदांतही आता हे सगळं आलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा 'पायाभूत स्तर' मानला. २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात या लहानग्यांसाठी लेखी परीक्षा हे मोजमाप योग्य नाही, मुलाचं निरीक्षण करून त्याच्या कामाच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या पालकांपर्यंत पोचवाव्यात, असा विचार मांडला आहे. चांगलंच आहे. पण कागदावरचं प्रगतिपत्रक वर्षातून दोनदा हातात येणार. मूल मात्र रोज बारा वाजता घरी जातं. त्याचं काय?

मंडईतली भेट

आता त्या दाराशी बसणाऱ्या मुलीकडे परत येते. तीन-चार वर्षांपूर्वी मंडईत भाजी घेताना मागून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. तिची आई. मुलगी आता मोठी झालीय, बरं चाललंय, अभ्यासात नीट आहे. मला हायसं वाटलं. मग आई थोडं थांबून म्हणाली, "पण ताई, तिकडं गेल्यावर वर्षभर परत बोलली नाही. नुसतं लिहायची. आम्हाला वाटायचं, स्वभावच आहे."

मी तिला ती नोंद सांगितली. नोव्हेंबरातली, मांजरीच्या गोष्टीची. चार वाक्यं, सगळ्यांसमोर उभं राहून.

ती माझ्याकडे बघतच राहिली. हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच. म्हणाली, "तिनं सांगितली होती गोष्ट? सगळ्यांसमोर? मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं हो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती जुनी टाचणवही शोधून काढली, अडीच पानांची नक्कल स्वतःच्या हातानं लिहिली आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. उशीर झाला होता, पण ती पानं होती त्यांचीच. आईनं ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली.

घरी एवढं करून पाहा

'काय केलं' असं विचारू नका. छोटं विचारा : कुणाशेजारी बसलीस? कुणाचा डबा आवडला? कोण रडलं आणि मग कोणी गप्प केलं? हसू कशाचं आलं?

दारातच विचारू नका. हातपाय धुऊन, दोन घास पोटात गेल्यावर, आंघोळ घालताना किंवा रात्री अंथरुणात विचारा. बऱ्याच मुलांची तोंडं तेव्हाच उघडतात.

आधी स्वतःचं सांगा : "आज माझं दूध उतू गेलं, मला असा राग आला!" मग मूलही आपलं सांगतं.

वही कोरी दिसली तर हात बघा. नखांत माती आहे का, बोटांना रंग आहे का, खिशात खडे आहेत का. तोच त्या दिवसाचा धडा.

शेजारच्या मुलाशी तुलना करायची जीभ आवरा. जूनमधलं आपलं मूल आणि आजचं आपलं मूल, एवढीच तुलना पुरे.

तुमच्या मुलाच्या बालवाडीत फळा नसेल, तर ताईंना प्रेमानं एकच विचारा : "या आठवड्यात त्याच्यात काय नवीन दिसलं?" 'काय शिकवलं' असं विचारू नका. 'काय दिसलं' विचारा. आणि ताई असाल, तर त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ तयार ठेवा. कपाटातल्या वहीत नको, ओठांवर ठेवा.

कालच्या फळ्यावर आमच्या मावशींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आज मुलांनी ओल्या मातीत अनवाणी पाय ठेवले. दोघं घाबरली, मग तीही आली. घरी विचारा : माती कशी होती?'

फाटकाबाहेर एक चिमुरडी आईच्या पदराला धरून सांगत होती, "माती थंऽड होती! आणि ती बोटांतून वर आली!"

आईनं रस्त्यातच वाकून तिचे पाय पाहिले. दप्तर तिनं उघडलंच नाही.